भित्तिपत्रातलं पाणी

राहुरीजवळच्या सह्यधारा दूध संघाच्या कॉलनीत मनोरंजन केंद्र नावाची एक खोली होती आणि तिथे कोणाचंही मनोरंजन होत नसे. एक कॅरम होता, त्याचा स्ट्रायकर कोणीतरी नेला होता आणि सोंगट्यांच्या जागी बाटल्यांची बुचं चालत. एका कपाटात जुने दिवाळी अंक होते. त्यांतली पाककृतींची पानं बायकांनी आणि राशिभविष्याची पानं पुरुषांनी फाडून नेल्यामुळे उरलेलं निव्वळ साहित्य अगदी सुरक्षित होतं. शहाण्णव साली कॉलनीत केबल आली, तेव्हापासून तर त्या खोलीत संध्याकाळी एकच माणूस येई. तो म्हणजे राधाकृष्ण शेटे.

शेटेसाहेब संघाच्या प्रयोगशाळेत फॅट काढत. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण आमच्या तालुक्यात फॅट काढणाऱ्याला मामलेदाराच्या खालोखाल मान असतो. गावोगावचं दूध येतं, त्याचा नमुना छोट्या बाटलीत घेतात, त्यात फॅट किती ते बघतात आणि त्यावर दर ठरतो. म्हणजे शेटेसाहेबांच्या डोळ्यांसमोरून रोज सकाळी निम्म्या तालुक्याची नियत जात असे. दुधात पाणी, पाण्यात साखर, साखरेत आणखी काही, अशा सगळ्या प्रतिभा त्यांनी पकडल्या होत्या. त्यामुळे आपल्याला कोणी फसवू शकत नाही असा त्यांचा समज झाला होता. ज्याचा असा समज होतो त्याला फसवायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून येतात, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

त्यांना एकच व्यसन होतं, लिहिण्याचं. 'दुधाचे आत्मवृत्त' नावाचा ग्रंथ ते लिहीत होते. धारोष्ण अवस्थेपासून निघालेलं ते दूध नऊ वर्षांत जेमतेम गोठ्याच्या दारातल्या कॅनपर्यंत पोचलं होतं. घरात लिहिण्याची सोय नव्हती. क्वार्टरमध्ये टेबल एकच, आणि त्यावर टीव्ही. टीव्हीसमोर वृषालीताई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आणि वृषालीताईंसमोर बोलायची शेटेसाहेबांची प्राज्ञा नव्हती. तेव्हा त्या मनोरंजन केंद्राच्या डुगडुगत्या टेबलावाचून या माणसाला जगात दुसरी जागा नव्हती, ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही.

अशातच पुण्याहून नवे एम. डी. साहेब आले. नवा साहेब आला की आधी खोल्या बघतो. त्यांनी खोली बघितली, कॅरम बघितला, टेबलावर डोकं टेकून धारोष्ण दुधाचा विचार करणारे शेटे बघितले आणि सोबतच्या माणसाला म्हणाले, "इथे सरकी पेंडीची पोती किती बसतील?"

पेंड ही जनावराला पोषक असली तरी वाङ्मयाला नाही, असं काहीतरी शेटेसाहेब बोलून गेले. एम. डी. साहेबांनी घड्याळ बघितलं. "शेटे, माझं पेंडीशी नातं नाही आणि तुमच्याशी वैर नाही. दिवाळीनंतर एका शनिवारी मी येईन. इथे माणसं दिसली तर खोली तुमची. नाही दिसली तर पेंडीची."

माणसं जमवायची कशी, याचा सल्ला कॉलनीत फुकट मिळतो. शीतगृहाचे इंजिनिअर रंगनाथ साळवे हे शेट्यांचे शेजारी आणि एकुलते एक मित्र. ते म्हणाले, "शेटे, माणूस दोन गोष्टींसाठी घराबाहेर पडतो. खायला मिळत असेल तर, आणि स्वतःचं नाव वाचायला मिळत असेल तर." साळवे हे थट्टेने म्हणाले होते. पण शेटेसाहेबांना थट्टा कळायला वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात ते कामाला लागलेले असत.

त्यांनी योजना आखली. भिंतीवर एक मोठा फळा, त्याचं नाव 'साय'. कॉलनीतल्या कोणीही काहीही लिहून त्यावर लावावं. प्रत्येक लेखाखाली अभिप्रायासाठी कोरी पट्टी, आणि पट्टीखाली प्रयोगशाळेतली नमुन्याची एक रिकामी बाटली. घरटी दर आठवड्याला पाच चिंचोके मिळणार. ज्याला जो लेख आवडेल त्याने त्याच्या बाटलीत चिंचोका टाकायचा. शनिवारी बाटल्या उघडायच्या, आणि ज्याचे चिंचोके जास्त त्याला संघाचे अर्धा किलो पेढे. जसं फॅट तसा दर. एवढी न्याय्य व्यवस्था वाङ्मयात आजवर झाली नाही, असं शेटेसाहेबांचं मत होतं. मतं चिठ्ठीवर घेतली तर अक्षर ओळखू येतं आणि दुसऱ्या दिवशी नळावर भांडणं होतात. चिंचोक्याला अक्षर नसतं, हा त्यांचा आणखी एक सूक्ष्म विचार.

आता या थोर विचारात एकच बारीकशी अडचण होती. कॉलनीच्या मागे, रस्त्याच्या कडेने, चिंचेची जुनी झाडं ओळीने उभी होती. त्यांची सावली प्रयोगशाळेच्या खिडकीत पडे. शेटेसाहेब वीस वर्षं रोज त्यांच्याखालून कामावर जात होते, आणि रोज चालता चालता दुधाचा विचार करत होते.

पहिल्या आठवड्यात शेट्यांनी आपल्या आत्मवृत्ताचं पहिलं प्रकरण लावलं. आणखी दोघातिघांनी भीत भीत काही लावलं. आणि स्टोअरकीपर गोरक्षनाथ ढोकणे यांनी एक लेख लावला तो असा: 'गाय. गाय दूध देते. दूध चांगले असते. संघाचा विजय असो.' शनिवारी बघतात तर गोरक्षनाथची बाटली भरून वाहत होती आणि खाली एक रिकामं पोतं लावलेलं होतं, तेही निम्मं भरलं होतं. कॉलनीत वाटलेले सगळे चिंचोके एकत्र केले तरी पोत्याचा तळ झाकला नसता.

"ढोकणे, हे काय आहे?" शेटेसाहेबांनी विचारलं.

"लोकांचं प्रेम हाय, साहेब," गोरक्षनाथ हात जोडून म्हणाला. "आता ते बाटलीत मावत न्हाई, त्याला आमी काय करनार?"

बाहेरचे चिंचोके चालणार नाहीत असा नियम कुठे लिहिलेला नव्हता. शेटेसाहेब नियमाचे पक्के, त्यामुळे पेढे गोरक्षनाथला गेले. त्याने ते तिथेच उघडले, सगळ्यांना एकेक दिला आणि शेट्यांना दोन दिले, कारण त्यांचा चेहरा उतरलेला दिसत होता.

पुढच्या आठवड्यात शेट्यांनी अस्सल चिंचोके निळ्या शाईने रंगवायचं ठरवलं. कॅनवर खुणा करायची ती पक्की शाई, धुतली तरी जात नाही. ती स्टोअरमध्ये मिळते. म्हणून ते रीतसर मागणी घेऊन स्टोअरमध्ये गेले आणि शाई कशासाठी हवी तेही प्रामाणिकपणे सांगितलं. गोरक्षनाथने ती प्रेमाने काढून दिली. त्या शनिवारी कॉलनीत सापडलेला प्रत्येक चिंचोका निळा होता. झाडाखाली पडलेले सुद्धा काही निळे होते, म्हणजे घाईत सांडले असावेत.

मग शेटेसाहेब स्वतः बाटल्यांशेजारी खुर्ची टाकून बसू लागले. चिंचोका त्यांच्यासमोर टाकायचा. यामुळे पोती थांबली, पण नवं संकट दत्त म्हणून उभं राहिलं. विक्री केंद्रावरच्या मालनबाईंनी 'वांग्याचं भरीत' या विषयावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या रोज येऊन प्रत्येक लेखाखालच्या पट्टीवर न वाचता 'छान' असं लिहीत, आणि मग लेखकाच्या दारात जाऊन उभ्या राहत. "मी तुमच्या दुधाला छान म्हनले," त्या शेट्यांना म्हणाल्या, "आता तुमी माझ्या वांग्यात टाका. येरवी मी तरी काय म्हनून छान म्हनावं?"

"मालनबाई, वाचून आवडलं तर टाकायचं असतं."

"अवं, वाचत बसलं तर टाकायला कवा व्हायचं?" मालनबाई म्हणाल्या, आणि त्यात तथ्य होतं.

बघता बघता कॉलनीत देवाणघेवाणीच्या पार्ट्या पडल्या. पूर्वी लोक एकमेकांना विरजण मागत, आता चिंचोके मागू लागले. मग टँकर चालवणारा कानिफनाथ मैदानात उतरला. त्याने सुवाच्य अक्षरात 'उपकारक पशू' नावाचा लांबलचक लेख लावला. भाषा अशी प्रौढ, की शेटेसाहेबांना हेवा वाटला. ते डोलत डोलत शेवटच्या परिच्छेदापर्यंत आले आणि तिथे 'खालील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी एका वाक्यात लिहा' असं वाचून त्यांचे डोळे उघडले. कानिफनाथने शाळेच्या पुस्तकातला धडा उतरवला होता, स्वाध्यायासकट. चीड येण्यासारखी गोष्ट ही, की खालच्या पट्टीवर लोकांनी त्या प्रश्नांची उत्तरं लिहिली होती, आणि त्यातली दोन चुकीची होती.

"साहेब, पुस्तकातलं हाय म्हंजे चांगलंच असनार," कानिफनाथ म्हणाला. "सरकारनं तपासलेलं हाय. तुमचं कुनी तपासलंय?"

त्या दिवशी शेटेसाहेबांनी नियम क्रमांक एक केला: दुसऱ्याचं लिखाण स्वतःचं म्हणणाऱ्याला भित्तिपत्र आणि केंद्र तीन महिने बंद. नियम लिहिताना त्यांच्या अंगावर शहारा आला. सत्ता म्हणजे काय ते त्यांना प्रथमच कळत होतं.

इथवर सगळं फसवणुकीचं होतं आणि फसवणुकीची शेट्यांना सवय होती. खरी आग लागली ती अभिप्रायांच्या पट्टीवर. लोकांना कळलं की खाली नाव टाकायची सक्ती नाही. मग 'एक हितचिंतक', 'सत्यवादी गाय', 'कॉलनीचा आत्मा' अशी मंडळी लिहू लागली. भरताच्या लेखाखाली कोणीतरी लिहिलं, की वांगं जळालं तरी चालेल पण मालनबाईंनी वजन करताना काट्यावरचं बोट काढावं. मालनबाईंनी खाली उत्तर दिलं, ते इथे देता येत नाही. त्याला कानिफनाथने, त्याला कानिफनाथच्या मेव्हण्याने, आणि त्या मेव्हण्याला सबंध कॉलनीने उत्तर दिलं. पट्ट्या पुरेनात. लोक फळ्याच्या चौकटीवर लिहू लागले. संध्याकाळी खोलीत पाय ठेवायला जागा नसे. बायका मालिका सोडून यायला लागल्या. कॅरमचा स्ट्रायकर सुद्धा परत आला.

"शेटे, खोली भरली," साळवे म्हणाले. "आता गप्प राहा. दिवाळी झालीच आहे, एम. डी. कधीही येतील."

"पण साळवे, हे काय वाङ्मय आहे?"

"दूध नासलं तर आम्ही शीतगृहाचं तापमान बघतो. तुम्ही दुधावरच रागावता."

शेटेसाहेब कदाचित गप्प राहिलेही असते. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या आत्मवृत्ताच्या चौथ्या प्रकरणाखाली, अगदी प्रयोगशाळेच्या थाटात, कोणीतरी लिहिलं: 'नमुना तपासला. फॅट नाममात्र. पाणी भरपूर. वास नाही, चव नाही. नापास. परत पाठवावा.' खाली 'फॅट काढणारा' अशी सही. लोक ते मोठ्याने वाचत होते आणि हसून हसून एकमेकांच्या खांद्यावर पडत होते. वीस वर्षं शेटेसाहेब हेच शब्द दुसऱ्यांच्या दुधाबद्दल लिहीत आले होते, आणि ते वाचून समोरच्या माणसाला काय वाटत असेल हा प्रश्न त्यांच्या डोक्यात कधी आला नव्हता. याही वेळी तो आला नाही. त्यांना फक्त अतिशय वाईट वाटलं.

त्यांनी नियम क्रमांक दोन केला: शिवीगाळ, टवाळी आणि टोपणनाव, तिन्हींना बंदी, आणि मोडणाऱ्याला महिनाभर दार बंद. गोरक्षनाथ, कानिफनाथ आणि मालनबाई यांची नावं त्यांनी तिथल्या तिथे लिहून काढली. पण कॉलनीत सूचना लावायची तर वरून मंजुरी लागते. प्रशासनात गेल्यावर कळलं, की मनोरंजन केंद्र प्रशासनाकडे येतच नाही, ते कल्याण विभागाकडे येतं. कल्याण अधिकाऱ्याची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे. तिचा अतिरिक्त कार्यभार स्टोअरकडे आहे. म्हणजे गोरक्षनाथला काढायचं तर गोरक्षनाथची सही हवी.

शेटेसाहेब खाली मान घालून स्टोअरमध्ये गेले. गोरक्षनाथने सूचना दोनदा वाचली, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचली.

"साहेब, ह्यात 'सदर इसम' म्हनलंय. 'सदर कर्मचारी' करा, म्हंजी कायद्यात बसंल." त्याने सही केली, शिक्का मारला, एक प्रत स्वतःला माहितीसाठी दिली आणि ती मिळाल्याची पोच शेट्यांच्या हातात ठेवली. "अजून कुनाला काढायचं आसंल तर या. संकोच करू नगा."

आणि मग खोली पवित्र झाली. इतकी, की तिथे चिटपाखरू फिरकेना. वाद नाही, टोपणनाव नाही, पोती नाहीत. फळ्यावर आत्मवृत्ताची प्रकरणं एका ओळीत शिस्तीत लागलेली, त्यांच्याखाली स्वच्छ कोऱ्या पट्ट्या आणि रिकाम्या बाटल्या. शेटेसाहेब खुर्चीवर बसून राहत. तिकडे काढलेली मंडळी कॉलनीच्या नळापाशी जमत आणि तिथून हसण्याचे आवाज येत. हळूहळू न काढलेलेही तिकडेच जाऊ लागले. शेवटी मंगळवारी दोन माणसं टेप घेऊन आली, खोलीची लांबी-रुंदी मोजून गेली आणि जाताना म्हणाली, "साहेब शनिवारी येनार हायेत. टेबल तेवढं काढून ठिवा, पोत्यांना आडवं येतंय."

शेट्यांनी टेबलावर हात ठेवला. ते टेबल डुगडुगलं. त्या क्षणी त्यांना कॉलनीचा, एम. डी. साहेबांचा, पेंडीचा आणि मुख्य म्हणजे स्वतःचा असा संताप आला, की तो नऊ वर्षांत आला असता तर दूध कॅनमधून केव्हाच टँकरमध्ये पोचलं असतं. त्यांनी खोलीला आतून कडी घातली, हिरव्या रिफिलचं पेन डाव्या हातात धरलं आणि लिहायला बसले. आयुष्यात प्रथमच त्यांनी काही खोडलं नाही.

बुधवारी सकाळी फळ्यावर 'कॉलनीचं फॅट' नावाचा लेख होता. लेखक: भटका वळू. यात प्रत्येक क्वार्टरचा नमुना काढला होता. 'गोरक्षनाथच्या स्टोअरमध्ये वस्तू मुक्कामाला येतात आणि नांदायला त्याच्या घरी जातात. कानिफनाथचा टँकर असा भाग्यवान, की वाटेत ओढा लागला की त्याचं दूध वाढतं. मालनबाई पेढे मोजताना जो आकडा पुटपुटतात त्याची आणि पुड्यातल्या पेढ्यांची अजून ओळख झालेली नाही. साळव्यांच्या शीतगृहात इतकी थंडी आहे, की तिथलं काम सुद्धा गोठून पडलं आहे.' एम. डी. साहेबांबद्दल लिहिण्याचं धाडस वळूलाही झालं नव्हतं.

आपला संशय येऊ नये म्हणून शेट्यांनी स्वतःलाही सोडलं नव्हतं: 'आणि राधाकृष्ण शेटे. लोकांच्या दुधातलं पाणी शोधता शोधता हा माणूस स्वतः कधी पातळ झाला ते त्याला कळलं नाही. नऊ वर्षं एकच दूध चुलीवर ठेवून बसलाय आणि उतू जाईल म्हणून भितोय. अरे, खाली जाळ कुठे आहे?' एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण लिहिणाऱ्याचा हात एकदा सुटला की घरापाशी थांबत नाही. पुढे लिहिलं होतं: 'त्याच्या घरच्या आमटीत दुधातलं पाणी मोजायचा लॅक्टोमीटर सोडला तर तो सरळ तळाला जाऊन बसतो आणि वर यायला नकार देतो.'

दुपारपर्यंत सगळी कॉलनी खोलीत होती. नियमाने हा लेख काढायला हवा, असं शेट्यांना दोघांनी बजावलं. "चौकशी चालू आहे," शेटे गंभीरपणे म्हणाले. लोक आपापल्याबद्दलचं वाचून लाल होत आणि दुसऱ्याबद्दलचं वाचून हसता हसता ठसका लागला की पाणी पीत. बाटली निळ्या चिंचोक्यांनी भरली, आणि या खेपेला ते सगळे वाटलेलेच होते. बाजूला उभे राहून शेटेसाहेब लोकांचे चेहरे बघत होते. आपण लिहिलेलं कोणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचतं आहे, हे दृश्य त्यांनी आधी पाहिलं नव्हतं. आणि ते आपलं आहे, हे कोणाला सांगताही येईना. वृषालीताई गुरुवारी येऊन वाचून गेल्या. घरी काही बोलल्या नाहीत. शेट्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही अशा वेळी त्यांना सुटल्यासारखं वाटे, याचं नवल आहे.

शनिवारी एम. डी. साहेब आले. साहेब येणार म्हणून काढलेले, न काढलेले सगळेच आत घुसले होते. साहेबांनी लेख वाचला. पहिल्यांदा गालात हसले, मग मोठ्याने हसले, साळव्यांच्या ओळीवर रुमाल काढला. "पेंड दुसरीकडे ठेवा," ते म्हणाले. "ही खोली राहील. आणि हा भटका वळू कोण? मला संघाच्या वार्षिक अंकाला असाच संपादक पाहिजे."

सगळ्यांनी गोरक्षनाथकडे बघितलं. कॉलनीत टवाळी म्हणजे गोरक्षनाथ, हे लहान पोराला सुद्धा ठाऊक होतं. गोरक्षनाथने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू विनय पसरला.

"आता काय बोलायचं साहेब," तो म्हणाला. "सुचतं ते सुचतं."

टाळ्या पडल्या. साहेबांनी पेढ्यांचा पुडा शेट्यांच्या हातात दिला. "शेटे, केंद्र तुमचं. तुमच्या हाताने द्या. आणि दोन शब्द बोला." शेटेसाहेब पुडा घेऊन उभे राहिले. खोली वाचली होती. टेबल वाचलं होतं. गप्प राहिले असते तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. त्यांनी 'अतिशय उत्तम लेखन' असं म्हणायला तोंड उघडलं आणि त्यातून बाहेर पडलं, "हे मी लिहिलंय."

त्यावर खोलीत असं हसू फुटलं, की तेवढं वळूच्या लेखालाही मिळालं नव्हतं.

"शेटेसाहेब," कानिफनाथ डोळे पुसत म्हणाला, "तुमी लिवलं आसतं तर गाय आजून गोठ्यातच आसती."

"खरंच मी लिहिलंय. डाव्या हाताने. साळवे, तुम्ही तरी सांगा."

"मी कसं सांगू, माझं काम गोठलंय," साळवे म्हणाले. त्यांना ती ओळ लागली होती.

शेट्यांनी शेवटचा आधार शोधला. दाराशी बायकांमध्ये वृषालीताई उभ्या होत्या. "अगं, तू सांग. मंगळवारी माझ्या बोटांना हिरवी शाई लागली होती की नाही?"

वृषालीताई सावकाश पुढे आल्या. त्यांनी एकदा फळ्याकडे आणि एकदा नवऱ्याकडे बघितलं. "साहेब, हे ह्यांनी लिहिलेलं नाही," त्या एम. डी. साहेबांना म्हणाल्या. "ह्यांची तेवढी छाती नाही." आणि पदर सारखा करून घरी निघून गेल्या.

एम. डी. साहेबांचा चेहरा कठोर झाला. "दुसऱ्याच्या लेखावर हक्क सांगायचा? शेटे, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. याला इथे काही नियम आहे की नाही?"

"हाय ना साहेब. नियम नंबर एक," गोरक्षनाथ हळहळत म्हणाला. "तीन महिने. आमाला लई वाईट वाटतंय, पन नियम त्येंनीच केलाय." कल्याण विभागाचा अतिरिक्त कार्यभार त्याच्याकडेच असल्यामुळे मंजुरीला मुळीच वेळ लागला नाही. शिक्का त्याच्या खिशात होता. त्याने सूचनेत 'सदर कर्मचारी' असं लिहिलं, एक प्रत शेट्यांना दिली आणि पेढाही दिला.

स्वतःचाच लेख चोरल्याबद्दल शिक्षा झालेले शेटेसाहेब, बहुधा या जिल्ह्यातले पहिलेच, संध्याकाळी घरी आले. वृषालीताई भाजी निवडत होत्या. टीव्ही बंद होता. शेट्यांनी दारातूनच विचारलं.

"तुला खरंच वाटलं, ढोकण्याने लिहिलं?"

"आपल्याकडे जेवायला कोण येतं?" वृषालीताई मान वर न करता म्हणाल्या. "गेल्या दहा वर्षांत तुमच्याशिवाय माझी आमटी कोणी प्यायलीय? वाचल्यावाचल्या कळलं मला."

"मग तिथे खोटं का बोललीस?"

"खरं बोलले असते तर नवऱ्यानेच बायकोची आमटी भिंतीला लावली, असं झालं असतं. त्यापेक्षा तुम्ही चोर बरे."

शेटे कपडे बदलायला आत वळले.

"लेख चांगला होता," मागून आवाज आला.

ते थांबले. नऊ वर्षांत हे वाक्य त्यांना कोणी ऐकवलं नव्हतं, आणि घरात ते ऐकायला मिळेल अशी आशा तर त्यांनी केव्हाच सोडली होती. अपमान, बंदी, गोरक्षनाथचा विनय, सगळं त्या क्षणी त्यांच्या मनातून पुसलं गेलं. ते परत आले आणि तिच्यासमोर जमिनीवरच बसले. आवाज शक्य तितका साधा ठेवून त्यांनी विचारलं, "त्यातलं कुठलं जास्त आवडलं?"

वृषालीताईंनी मेथीची एक काडी मोडली आणि थोडा विचार केला.

"तुमच्याबद्दलचं," त्या म्हणाल्या. "त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता."